खालून पाहणाऱ्या डोळ्यांसाठी

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की पोखर्णी येते. तिथला नृसिंह आसपासच्या कितीतरी घरांचं कुलदैवत आहे. गाभाऱ्याचं दार लहान. अंग चोरून, वाकून आत शिरावं लागतं आणि मग दिव्याच्या उजेडात मूर्ती अगदी हाताच्या अंतरावर दिसते. ती ज्या कारागिराने घडवली असेल, त्याला पाहणारा कुठे असणार हे ठाऊक होतं. तो जवळ असेल, त्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतील आणि तो थोडा वेळ तरी थांबेल.

तालुक्याच्या कुठल्याही गावात मुख्य चौकात उभं राहिलं की हे सगळं बदलतं. पुतळा चौथऱ्यावर आणि माणसं खाली. कुणी एसटीच्या खिडकीतून बघतं, कुणी बाजाराच्या पिशव्या सांभाळत मान वर करतं. भर दुपारी ऊन डोक्यावरून येतं आणि भुवयांची सावली डोळे झाकून टाकते. संध्याकाळी उजेड मागून आला की नुसता काळा आकार उरतो. शिवाय पुतळ्याला चारी बाजूंनी रस्ते असतात, म्हणजे पाठमोरा पुतळा बघणारेही तितकेच. देवळातली मूर्ती घडवण्याचं ज्ञान इथे अपुरं पडतं. चौकातल्या शिल्पाचं शास्त्र निराळं आहे, आणि ते सत्तर वर्षं हातानं शिकत राहिलेला एक माणूस आपल्याच मुलखात तयार झाला. राम वनजी सुतार.

१९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी, सुतारकाम करणाऱ्या गरीब घरात त्यांचा जन्म झाला. १७ डिसेंबर २०२५ रोजी नोएडात ते गेले तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी मुलाच्या हातातलं कसब ओळखलं आणि त्याला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वाटेला लावलं. तिथून १९५३ मध्ये मेयो पदक मिळवून ते बाहेर पडले. पुढे पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६), महाराष्ट्रभूषण असे सन्मान झाले. त्यांची यादी सगळीकडे छापून आलेली आहे, म्हणून ती इथेच सोडतो.

त्यांच्यावर लिहिताना बहुतेक जण नर्मदेकाठच्या सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यापासून सुरुवात करतात. मला मात्र वाटतं, या कारकिर्दीची किल्ली मराठवाड्यात आहे. १९५४ ते १९५८ अशी चार वर्षं सुतार पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते आणि वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांतल्या झिजलेल्या, तुटलेल्या शिल्पांच्या डागडुजीचं काम करत होते. ते रुजू झाले तेव्हा औरंगाबाद अजून हैदराबाद राज्यात होतं. नोकरी चालू असतानाच, १९५६ मध्ये, मराठवाडा मुंबई राज्यात आला.

डागडुजी करणाऱ्याला स्वतःची शैली गुंडाळून ठेवावी लागते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने टाकी कुठल्या कोनातून धरली, घाव किती खोल घातला, कडा कुठे बोथट ठेवली, हे आधी वाचावं लागतं. आणि वेरूळला वाचायला काय कमी आहे! आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं कैलास लेणं डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेलं आहे. तिथे वरून काही लावलेलं नाही, जे नको ते काढून टाकलंय. एकदा उडालेला कपचा परत बसत नाही, म्हणून शेवटचा आकार पहिल्या घावाआधीच डोक्यात पक्का असावा लागतो. जे. जे.मध्ये शिकवलं जायचं ते याच्या उलट होतं. लोखंडी सांगाड्यावर माती चढवत न्यायची, चुकली तर खरवडायची, पुन्हा लावायची. सुतारांच्या हातात या दोन्ही रीती एकत्र आल्या. त्या काळातल्या फार थोड्या शिल्पकारांना हे लाभलं असेल.

त्याचा उपयोग लगेच झाला. १९५८ मध्ये ते दिल्लीला गेले, माहिती व प्रसारण मंत्रालयात काही काळ काम केलं आणि १९५९ मध्ये सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र झाले. चंबळ नदीवर गांधीसागर धरण तेव्हा पुरं होत आलं होतं. १९६० मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे सुतारांनी ४५ फूट उंचीचं चंबळदेवीचं शिल्प केलं. नदी म्हणजे आई, आणि तिच्याजवळ दोन मुलं, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. धरणाचं पाणी वाटून घेणारी दोन राज्यं भावंडांसारखी राहोत, हा त्यातला भाव. पाण्यावरून भांडणाऱ्या राज्यांच्या देशात ही कल्पना आजही जुनी झालेली नाही.

हे शिल्प ब्राँझचं नाही. काँक्रीटचा अखंड ठोकळा उभा करून तो छन्नी-हातोड्याने कोरला. धरणावर काँक्रीट होतं, तेच शिल्पाचं साहित्य झालं, पण कोरण्याची पद्धत कैलासाची. पायाशी असताना हातासमोर दगडासारखी भिंतच दिसते, चेहरा कुठे आणि कोपर कुठे हे कळत नाही. सगळा हिशोब डोक्यात ठेवून माणूस पायाडावर वरखाली करत राहतो. पस्तिशीच्या आसपासच्या माणसाचं हे काम आहे आणि माझ्या मते ते त्यांचं सर्वांत चांगलं काम आहे. त्यात तपशील कमी आहे, आकार मोठे आणि स्पष्ट आहेत, आणि ते ज्या धरणाचं आहे त्या धरणाच्याच जातीचं वाटतं.

नेहरूंना ते आवडलं होतं. त्यानंतर भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांसाठी ५० फुटी ब्राँझचं स्मारक करायची योजना निघाली, पण पैशाअभावी ती उभी राहिली नाही. याची हळहळ वाटते. पुढच्या साठ वर्षांत सुतारांनी नेत्यांचे, राजांचे, संतांचे पुतळे केले. माती वाहणाऱ्या, खडी फोडणाऱ्या बिननावाच्या माणसासाठी एवढ्या मोठ्या मापाचं शिल्प करायची संधी पुन्हा तशी आली नाही.

या काळात एकदम इतके पुतळे का लागू लागले, तेही पाहायला हवं. दुसरं महायुद्ध संपलं, पाठोपाठ स्वातंत्र्य आलं, आणि देशातल्या चौकाचौकांत उभे असलेले इंग्रज राजे-राण्या नकोसे झाले. मुंबईचा 'काळा घोडा', म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या छत्रीतून पंचम जॉर्ज १९६८ मध्ये उतरला. चौथरे रिकामे होत होते, नवी धरणं, नवी विधानभवनं, नव्या संस्था उभ्या राहत होत्या, आणि त्या सगळ्यांना स्वतःची माणसं हवी होती. या मागणीला पुरे पडणाऱ्यांत मराठी शिल्पकार आघाडीवर होते. वर्ध्याच्या सदाशिव साठ्यांनी दिल्लीच्या चांदणी चौकात गांधीजी उभे केले, आणि १९६१ मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर त्यांचे अश्वारूढ शिवराय आले. संसदेच्या आवारातला, हात पुढे करून बोट दाखवणारा डॉ. आंबेडकरांचा पुतळा ब्रह्मेश वाघांचा, १९६७ मधला. भिंतींनाही काम मिळत होतं. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेन यांचं मोठं भित्तिचित्र होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्पर्धा घेऊन लावलं. जगातही हेच चाललं होतं. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या व्होल्गोग्राडला सोव्हिएत रशियाने १९६७ मध्ये ८५ मीटर उंचीची, तलवार उगारलेली मातृभूमी उभी केली, तीही काँक्रीटची.

पण आपल्याकडे पुढे काँक्रीट मागे पडलं आणि ब्राँझ हेच पुतळ्याचं साहित्य ठरलं. ते कसं होतं, हे गावात पुतळा बसवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

आधी फूट-दोन फुटांचा मातीचा नमुना. तो पटला की लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभारून पूर्ण मापात माती चढवतात. मातीवर प्लॅस्टरचा साचा घेतात आणि त्यातून प्लॅस्टरची किंवा फायबरची प्रत काढतात. या प्रतीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची मेणाची पोकळ प्रत होते. मेणाची जाडी बोटाच्या पेरापेक्षाही कमी असते, कारण ब्राँझ तेवढंच जाड हवं. मेणाला आत-बाहेरून उष्णता सोसणारा लेप देऊन भट्टीत तापवलं की मेण वितळून वाहून जातं आणि त्याच्या जागी पोकळी उरते. तिच्यात अकराशे-बाराशे अंश तापमानाचा रस ओततात. या कामात सर्रास वापरलं जाणारं मिश्रण म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. थंड होताना धातू आकसतो, शेकडा दीड भागाच्या आसपास. तुकडे जोडून, जोड घासून, रसायनांनी रंग चढवून पुतळा पुरा होतो. सुतारांनी साहिबाबादला स्वतःची ओतशाळा काढली ती याचसाठी. मातीत असलेला चेहरा ब्राँझमध्ये पोचेपर्यंत पाच हातांतून जातो आणि प्रत्येक हातात थोडा बोथट होतो. शेवटपर्यंत लक्ष ठेवायचं, तर भट्टी आपली असलेली बरी.

आता खालून पाहण्याचा मुद्दा. समजा १८२ मीटर उंचीची आकृती आहे आणि आपण तिच्यापासून १०० मीटरवर उभे आहोत. चौथरा क्षणभर बाजूला ठेवू. पायाजवळचा २० मीटरचा भाग आपल्या डोळ्यांत साधारण ११ अंशांचा कोन व्यापतो. डोक्याजवळचा तितकाच, २० मीटरचा भाग जेमतेम ३ अंश. म्हणजे पायाच्या मानाने डोकं जवळजवळ एक चतुर्थांश दिसतं! माणसाच्या शरीराची खरी प्रमाणं घेऊन तो पुतळा केला, तर जवळून पाहणाऱ्याला पायांच्या खांबांवर ठेवलेलं छोटंसं डोकं दिसेल. लांब गेलं की हा फरक कमी होतो, पण लांबून चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. पाहणाऱ्याला कुठे उभं करायचं हे आधी ठरवावं लागतं आणि त्या जागेवरून प्रमाणं बांधावी लागतात. खांदे आणि डोकं मुद्दाम थोडं मोठं घेतात, चेहरा किंचित पुढे झुकवतात, डोळ्यांची खोबणी खोल करतात, बुबुळाच्या जागी खरोखरचा खड्डा ठेवतात, म्हणजे तिथे सावली साचून नजर तयार होते. मिशा, कपड्याच्या चुण्या, हाताची बोटं जवळून पाहिली तर राकट वाटावीत इतकी उठावदार लागतात. वेरूळच्या उंच भिंतींवरच्या आकृतींकडे पाहिलं तर हे जुन्या पाथरवटांना कळत होतं असंच वाटतं. पायाड लावून त्यांच्या इतक्या जवळ चार वर्षं घालवलेल्या माणसाने ते हेरलं नसेल, हे मला पटत नाही.

गांधीजी हा सुतारांचा सर्वांत जवळचा विषय. गांधी जन्मशताब्दीच्या काळापासून त्यांनी केलेला गांधीजींचा अर्धपुतळा भारत सरकारने देशोदेशी भेट दिला. त्याच्या प्रती शेकड्यांनी निघाल्या. या अर्धपुतळ्याचं यश असं की तो दालनात, डोळ्यांच्या पातळीवर पाहायचा आहे, आणि तिथे सुतार तपशिलात उतरतात. गालफडं, सुरकुत्या, ओठांवरचं न उमटलेलं हसू. संसदेसमोर १९९३ मध्ये बसवलेला ध्यानस्थ गांधी मात्र १६ फुटी आणि बैठा आहे. बैठी आकृती रुंद आणि स्थिर असते, तिचं डोकं फार उंच जात नाही, आणि नजर खाली वळलेली असल्यामुळे समोर उभा राहणारा तिच्या नजरेच्या टप्प्यात येतो. संसदेच्या आंदोलनांच्या छायाचित्रांत तो मागे दिसत राहिला. धरणं धरायला खासदार त्याच्याच पायाशी बसत. आता तो आवारातल्या प्रेरणास्थळावर हलवला आहे. पाटण्याच्या गांधी मैदानात २०१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गांधींसोबत दोन मुलं आहेत. चंबळच्या आईजवळही दोनच मुलं होती. पन्नास वर्षांनंतर तीच रचना त्यांना पुन्हा जवळची वाटली, यातून त्यांच्या मनाचा कल दिसतो. एकट्या आकृतीपेक्षा आधार देणारी आणि आधाराला आलेली माणसं त्यांना जास्त सुचत.

आणि मग 'स्टॅच्यू ऑफ युनिटी'. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचं लोकार्पण झालं. सुतार तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. १८२ मीटर हा आकडा गुजरात विधानसभेच्या जागांचा. एवढ्या मोठ्या पुतळ्यात शिल्पकाराचं काम नेमकं कुठे असतं, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सुतारांनी आणि त्यांचे पुत्र अनिल यांनी आधी ३० फुटी पुतळा केला. तो मोजून, संगणकावर घेऊन वाढवला. आत काँक्रीटचे गाभे, त्यांभोवती पोलादी सांगाडा, आणि बाहेर सुमारे १७०० टन ब्राँझचे पत्रे. इतक्या ओतकामाची सोय देशात नसल्याने पत्रे चीनमधल्या कारखान्यात ओतले गेले. वल्लभभाई चालताहेत, धोतर आणि चपला आहेत, अंगावर शाल आहे. चालणाऱ्या माणसाचे पाय सुटे असतात, म्हणजे सगळ्यात जास्त भार जिथे येतो तिथेच आकृती बारीक. अभियंत्यांना ते अवघड गेलं, पण सुतारांनी सरदारांना घट्ट चौथऱ्यासारखं उभं केलं नाही. त्यांचं हे धाडस मला मोलाचं वाटतं.

उंच पुतळ्याचं आयुष्य मात्र बाहेर दिसणाऱ्या चेहऱ्यावर ठरत नाही, आतल्या सांगाड्यावर ठरतं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं उदाहरण घ्या. १८८६ चा हा पुतळा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचा आहे आणि आत लोखंडाच्या पट्ट्या. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओलावा आला की लोखंड झपाट्याने गंजतं. बांधणाऱ्यांनी दोन्हींच्या मध्ये लाखेत भिजवलेला थर घातला होता, पण शंभर वर्षांत तो गेला. अखेर १९८६ पर्यंत आतल्या जवळजवळ सगळ्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र कळवळला. गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा झाली. समुद्राच्या तोंडावर, खाऱ्या वाऱ्यात, पुतळा म्हणजे आधी एक बांधकाम असतं, हे त्यातून सगळ्यांना कळलं. त्याच जागी ६० फुटी नवा पुतळा करायचं काम सुतारांकडे आलं आणि ११ मे २०२५ रोजी त्याचं अनावरण झालं. वय वर्षं शंभर! मुंबईत इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांच्या ३५० फुटी पुतळ्याचं काम त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही.

उंचीच्या या चढाओढीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उंची वाढते तसा चेहरा पाहणाऱ्यापासून दूर जातो आणि शिल्पकाराच्या हाताला जागा कमी उरते. चंबळच्या ४५ फुटांत घाव न् घाव सुतारांचा होता. १८२ मीटरमध्ये त्यांचा हात तीस फुटी नमुन्यापाशी थांबतो. आपल्या गावांना तर याहून लहान मापं पुरेत. दहा-बारा फुटी पुतळा, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीचा चौथरा, आणि चेहरा दिसेल इतकी भोवती मोकळी जागा.

महाराष्ट्रात सार्वजनिक जागी पुतळा बसवायचा तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. ही अट चांगली आहे, आणि तिचा गावाने पुरेपूर फायदा घ्यायला हवा. नमुना पाहायला समितीची माणसं शिल्पकाराकडे जातात, तेव्हा तो बहुधा टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवलेला असतो, आणि तिथून कुठलाही पुतळा सुरेख दिसतो. तो चौथऱ्याच्या हिशोबाने वर चढवून ठेवायला सांगावं. रस्ता जितका लांब असणार, तितकं लांब उभं राहून, एकदा दुपारी आणि एकदा दिवस कलल्यावर पाहावं. पाठीमागूनही पाहावं. आतला सांगाडा कशाचा, जोड कुठे, पावसाचं पाणी आत साचलं तर बाहेर कुठून जाणार, हे विचारावं. हनुवटी बोटभर खाली घ्यायची असेल तर मातीत ते एका सकाळचं काम आहे. ब्राँझ झाल्यावर तेवढ्यासाठी मान कापून नवा तुकडा ओतावा लागतो, आणि जोडाची रेघ उन्हात कायम दिसत राहते.